थांबाकाका

सर्व्हरने मान टाकली की थांबाकाका सगळ्यात आधी आपले दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचे. फोन खणखणत असायचे, मालक काचेच्या केबिनमधून बाहेर आलेले असायचे, आम्ही सगळे हाताला लागेल ते बटण दाबायच्या तयारीत असायचो, आणि हा साठीला टेकलेला माणूस स्वतःच्याच हातांवर बसून पडद्याकडे बघत राहायचा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, यांना थंडी वाजतेय. रत्नागिरीत, तीही एप्रिलमध्ये! मी नवीन होते तेव्हा धीर करून विचारलं. म्हणाले, "हाताला भारी घाई असते गो बाय. डोळ्यांचं बघून होईपर्यंत त्याला दाबून ठेवायला लागतो."

थांबाकाका हे नाव ऑफिसने ठेवलेलं. आमच्या धंद्यात सगळ्या दुखण्यांवर एकच मात्रा चालते: बंद करा आणि पुन्हा चालू करा. बहुतेक वेळा गुण येतो, रोग मात्र आत तसाच राहतो. कोणाचा हात त्या बटणाकडे सरकला की कोपऱ्यातल्या टेबलावरून आवाज यायचा, "थांबा!" त्यांची पाठ आमच्याकडे असली तरी त्यांना कसं कळायचं कोण जाणे. "चालू केल्यावर चालेल, ते मला पण माहीत हाय. पण बंद का पडलं ते मंग कोण सांगणार, तुझा आजा?" मालकांनाही हेच ऐकावं लागे, फक्त त्यात आजा नसायचा.

आमचं ऑफिस मारुती मंदिरजवळ एका इलेक्ट्रिकच्या दुकानाच्या माडीवर होतं आणि अजून तिथेच आहे. नऊ खुर्च्या, एक एसी, आणि जिन्यात कायम वायरच्या भेंडोळ्यांचा वास. पुण्याची माणसं विचारायची, "रत्नागिरीत? सॉफ्टवेअर?" जसं काही आम्ही इथे संगणकात आंब्याच्या अढ्या लावतो. आमचं मुख्य काम म्हणजे हातखंब्याच्या पुढे एका वाहतूक कंपनीचं मोठं आवार आहे, तिथली सगळी व्यवस्था. गाडी आत आली, वजन झालं, गेटपास निघाला, गाडी बाहेर पडली, हे सगळं आमच्या जुन्या, अवाढव्य प्रोग्रॅमवर चालायचं. हा प्रोग्रॅम मूळ मुंबईत कोणीतरी लिहिलेला. त्याच्या पोटात काय आहे हे समजणारा माणूस आमच्याकडे एकच होता. काका वीसेक वर्षं मुंबईच्या मोठ्या कंपन्यांत हेच काम करून एक दिवस गावी परत आले होते. का आले, ते कोणाला माहीत नव्हतं, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून विचारावंसं वाटत नसे.

मी आले पुण्याहून. बाबा गेले, आई इथे जवळच पावस गावी एकटी, तिचे गुडघे धरलेले, आणि घर सोडून कुठेही यायला तिचा ठाम नकार. "मी हितनं हालणार नाय, तू तुझं बघ," असं म्हणायची आणि मग दिवसातून चार फोन करायची. म्हणून मी निम्म्या पगारावर ही नोकरी धरली. सहा महिने कच्ची, मग काम पटलं तर पक्की. अशा कामाची दुसरी नोकरी रत्नागिरीत नव्हती. ही हातची गेली असती तर पुन्हा पुणं, आणि आई पुन्हा एकटी. त्या सहा महिन्यांत मी ऑफिसात श्वासही जपून घेत होते.

पहिल्याच आठवड्यात माझी विकेट पडली. बिलं छापणारा एक भाग मी बसवला आणि प्रोग्रॅमने सरळ तोंडावर सांगितलं, या नावाचं कोणी सापडत नाही. मी नाव तपासलं. पुन्हा तपासलं. अक्षरावर बोट ठेवून तपासलं. दुपार झाली. काका डबा घेऊन शेजारी येऊन बसले. डब्यात तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी, बहुतेक रोज तेच. म्हणाले, "तुझं कोण मुंबईला होतं काय?"

"मामा होता. परळला."

"गावकऱ्यांच्या खोलीत?"

"हो."

"मंग तुला येतंय सगळं," असं म्हणून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि मला आमचा धंदा शिकवला. सर्व्हर म्हणजे ती गावकऱ्यांची खोली, गावाहून मुंबईला कामाला आलेले सगळे मिळून राहतात ती. सर्व्हर सुरू होतो तेव्हा एकेक भाग गाडीतून उतरून खोलीवर येतो आणि भिंतीवरच्या यादीत आपलं नाव लावतो. वजनवाला, गेटपासवाला, बिलवाला. कोणाला कोणाची गरज लागली की तो दारात येऊन नाव घेतो, खोलीवाला यादी बघतो आणि माणूस पुढे करतो. "आता खोलीवाला बोलला, असा कोण नाय हितं, तर त्याची कारणं तीनच. येक, माणूस गावावरनं पोचलाच नाय. दोन, पोचला पण भलत्याच खोलीत उतरला. तीन, त्याच्या जाग्यावर दुसराच कोणतरी येऊन पसरलाय. तू सकाळधरनं काय करतेयस? पाकिटावरचा पत्ता वाचतेयस. पत्ता बरोबर हाय गो. माणूस आलाय काय ते बघ ना!"

माणूस आलाच नव्हता. बिलवाल्याला ज्या माहितीच्या साठ्याला जोडायचं होतं, त्याची जोडणी मी द्यायला विसरले होते. तो उंबऱ्यावरच ठेचकाळून मागे फिरला होता. पुण्यात तीन वर्षं इंग्रजीतून शिकून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते पिठी-भाकरीच्या एका डब्यात शिरलं.

लॉग वाचायची त्यांची रीत तर पोथीसारखी. सर्व्हर आपण काय काय केलं ते ओळीवर ओळ लिहून ठेवत असतो, त्याला आम्ही लॉग म्हणतो. बिघाड झाला की जग शेवटची लाल ओळ वाचतं. काका पहिल्या ओळीपासून सुरू करायचे, सर्व्हर उठला तिथपासून, आणि तेही मोठ्याने. आम्ही कानात इयरफोन घालायचो. पाचशे ओळी झाल्या तरी त्यांचा सूर बदलत नसे. कोणी कंटाळून म्हणालं, "काका, चूक खाली आहे हो, ती बघा ना," तर म्हणायचे, "खाली रडणारा असतो. मारणारा वरती असतो." आणि खरंच, वर कुठेतरी, लाल रंगही न लागलेली एक साधी ओळ असायची, तिथे सगळं बिनसलेलं असायचं.

सर्व्हरला त्याच्याकडची सगळी नावं एकदम छापायला सांगता येतं. काका त्याला हजेरी घेणं म्हणायचे. हजेरी घेतल्याशिवाय ते कुठल्याच दुखण्याला हात लावत नसत. एकदा वजनवाला भाग सर्व्हरवर नीट सापडायचा आणि आवारातल्या दुसऱ्या मशीनवरून हाक मारली की सापडायचा नाही. दोन दिवस मी त्या मशीनला शिव्या घातल्या. काकांनी हजेरीचा कागद माझ्यापुढे धरला. नाव होतं, पण आतल्या यादीत. "वाडीतल्याला नुसतं बाळ्या म्हटलं तरी कळतं. बाहेरच्यानं तालुका, गाव, वाडी, सगळं सांगायला नको? नुसतं बाळ्या-बाळ्या करतेयस. असे बाळ्या किती असतील जगात!" पुढे वर्षभर ऑफिसात त्या वजनवाल्या भागाला सगळे बाळ्याच म्हणत होते. मालकसुद्धा.

"चालत नाही" हा शब्दप्रयोग त्यांना अजिबात खपत नसे. कोणी तसं म्हटलं की चष्म्यावरून बघून विचारायचे, "काय चालत नाय? पाय?" आवारातून फोन आला तरी हेच. कधीपासून, कोणत्या गाडीला, त्याआधीची गाडी गेली का, याची उत्तरं मिळेपर्यंत पलीकडच्याला सुटका नसे. लोक वैतागत. खरं सांगायचं तर काका सोबतीला सोपे नव्हतेच. हट्टी होते, हळू होते, स्वतःचं म्हणणं खरं ठरलं की दिवसभर गुणगुणत बसायचे.

आणि त्यांना काही टाकवत नसे. कुठलाही बदल करायच्या आधी ते जुन्या भागाची एक प्रत बाजूला ठेवायचे आणि तिच्या नावापुढे इंग्रजी अक्षरांत 'राहूदे' असं लिहायचे. सगळ्या मशीनभर त्यांचे राहूदे पसरलेले. आम्ही हसायचो. "हसा. वेळेला जुनंच कामाला येतं," असं म्हणून ते आणखी एक राहूदे करून ठेवायचे. त्यांच्या टेबलाच्या खणातही तसंच होतं. बंद पडलेले माऊस, कसल्या कसल्या चाव्या, संपलेली पेनं.

त्यांचा एकच नियम मात्र मला कायम विचित्र वाटायचा. बिघाड सुरू असताना त्यांच्यासमोर 'कोणी केलं' हा शब्द काढायचा नाही. "काय झालं ते आधी. कोणी केलं ते मागनं." एकदा मालकांनीच रागाच्या भरात कोणाचं तरी नाव घेतलं, तेव्हा काका खुर्चीतून उठून सरळ जिन्यात जाऊन उभे राहिले आणि मालक गप्प झाल्यावर आत आले. मला वाटलं, म्हातारपणाचा तऱ्हेवाईकपणा.

तो एप्रिलचा सोमवार होता. माझे सहा महिने भरायला नऊ दिवस उरले होते. त्याआधीच्या शुक्रवारी मी वजनाचा भाग नवीन करून बसवला होता, माझं पहिलं मोठं काम. शुक्रवार, शनिवार, रविवार गाड्या सुरळीत जात होत्या. सोमवारी दुपारी अडीचला आवारातून फोन आला की गेटपास निघत नाही. पडद्यावर ओळ आली होती, वजनाचा भाग सापडत नाही. माझा भाग. नावानिशी.

एप्रिलमध्ये त्या आवारात काय असतं हे रत्नागिरीकराला सांगायला नको. आंब्याच्या पेट्यांनी भरलेल्या गाड्या फाटकापासून हायवेपर्यंत उभ्या, वर ऊन असं की ताडपत्रीला हात लावला तर पोळेल, आणि पहाटे वाशीच्या बाजारात पोचायचं असलेले ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेले. आवाराचे मॅनेजर फोनवर ओरडत होते, ते आम्हाला टेबलापर्यंत ऐकू येत होतं. मालकांचा चेहरा उतरला. त्यांनी फोनवर हात न ठेवताच माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हो साहेब, शुक्रवारी आमच्या नवीन मुलीने बदल केला होता, त्याचंच झालंय. नाही नाही, तिला आजच मोकळं करतो. आता लगेच रीस्टार्ट मारतो."

मला आईचा चेहरा दिसला, आणि पुण्यात मी पाच मुलींत राहायचे ती खोलीही दिसली. कोणीतरी बटणाकडे गेलं.

"थांबा!"

काका हातांवर बसले होते.

"काका, आज नाही," मालक म्हणाले. "आज तमाशा नको. गाड्या आहेत उन्हात."

"अर्धा तास द्या. आत्ता बंद केलात तर लॉग पुसून जाईल." त्या सर्व्हरला तशी खोडच होती. नव्याने उठला की जुनं लिहिलेलं पुसून पहिल्यापासून लिहायचा. "तोवर आवारात सांगा, गेटपास हातानं लिहून गाड्या सोडा. पूर्वी लिहीतच होते ना? आणि कोणाला मोकळं करायचं ते मागनं ठरवा. तिचा भाग तीन दिवस चाललाय. आज दुपारी त्याला काय झालं, ते कोण सांगेल काय मला?"

मालकांनी घड्याळ बघितलं आणि केबिनमध्ये गेले. आवारात हाताने पास लिहायला सुरुवात झाली.

मी काकांच्या शेजारी स्टूल ओढून बसले. त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली, नेहमीच्याच सुरात. पहिली ओळ त्या दिवशीची, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांची होती. "बघ. हा दोनला उठलाय. म्हणजे झोपला होता." सर्व्हर बसवलेला होता आवारातच, आम्ही तो इथून चालवायचो; त्यांनी तिथे फोन लावला. दोनच्या सुमारास तिथली लाइट गेली होती, बॅटरीने मिनिटभरही दम धरला नव्हता, लाइट आली तसा सर्व्हर आपला आपण उठला होता. हे आम्हाला सांगावं असं कोणालाच वाटलं नव्हतं. माझा जीव थोडा खाली आला, पण थोडाच. उठला म्हणजे उठला, त्याने माझा भाग का घेतला नाही?

काका वाचत राहिले. सव्वातीन झाले. आणि कुठेतरी दोनशेच्या पुढच्या ओळीवर ते वाचता वाचता थांबले. लॉग वाचताना काका मध्ये थांबले, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

मीही ती ओळ वाचली. साधी होती, लाल नव्हती. वजनाचा भाग आला, नाव लावलं. त्याच्या खाली दुसरी ओळ. वजनाचा आणखी एक भाग आला, या नावाचा इथे आधीच कोणी आहे, म्हणून परत पाठवला. जो आधी येऊन बसला होता तो जुना होता, आणि गेटपासला जो नवा हवा होता तो, म्हणजे माझा, दारातून मागे फिरला होता. जुना तिथे आला कुठून? त्याच्या फायलीचं नाव ओळीतच होतं. शेवटी 'राहूदे' लिहिलेलं.

शुक्रवारी माझा भाग बसवायच्या आधी, न जाणो माझं काही चुकलं तर पोरीची फजिती नको, म्हणून काकांनी जुन्या भागाची एक प्रत जवळच ठेवली होती. जवळ म्हणजे त्याच फोल्डरमध्ये. तो सर्व्हर उठताना त्या फोल्डरमध्ये जे जे असेल ते सगळं आत घेतो, हे मला माहीत होतं. काकांनीच शिकवलं होतं. शुक्रवारी भाग चालू सर्व्हरवरच बदललेला, म्हणून तीन दिवस ते उघडं पडलं नव्हतं.

केबिनचं दार बंद होतं. बाकीचे आपापल्या फोनवर. त्या ओळीसमोर आम्ही दोघंच होतो. ती प्रत उचलून टाकायची, रीस्टार्ट मारायचा, लॉग पुसला जाणार, सर्व्हर चालू होणार. अर्ध्या मिनिटाचं काम. मी काही बोलले असते तर कच्च्या नोकरीतल्या पोरीचं कोण ऐकणार होतं? हे सगळं मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं, आणि त्यांनाही दिसत असणार. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. मी टेबलाच्या कडेकडे बघत बसले.

"लॉगची एक प्रत काढ," काका म्हणाले. "आणि मालकांना बोलव."

मालक आले. काकांनी ओळीवर बोट ठेवलं. "हे माझं. हिचं काय नाय ह्याच्यात. हिचा भाग चांगला हाय. ह्याला दारातच अडवलंन माझ्या जुन्यानं." मग त्यांनी ती प्रत स्वतः उचलली, स्वतः रीस्टार्ट केला, सर्व्हर उठेपर्यंत बसून हजेरी घेतली. चारच्या आत पास निघायला लागले.

संध्याकाळी आवारात काय कळवायचं यावर चर्चा झाली. मालक वाईट नव्हते. म्हणाले, "काका, तांत्रिक बिघाड लिहू. लाइट गेली होती हे खरंच आहे की." काका म्हणाले, "त्यांना तुम्ही दुपारी हिचं नाव सांगितलंत. ते त्यांच्या डोक्यात ऱ्हाणार. ते काढायचं तर दुसरं नाव द्यायला लागेल." आणि त्यांनी स्वतः टाईप केलं, चार ओळींत, स्वतःच्या पूर्ण नावासकट. त्यांचं पूर्ण नाव मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

आठवड्याभरात आवाराचं उत्तर आलं. काही पेट्या उन्हाने गेल्या होत्या, बागायतदार चिडले होते, आणि त्यांच्या वरच्या लोकांना कोणावर तरी कारवाई झालेली हवी होती. आमच्या सिस्टीमला यापुढे या माणसाचा हात लागता कामा नये, असं त्यांनी लिहिलं. आमच्याकडे दुसरं काम जवळजवळ नव्हतंच. मालक दोन दिवस केबिनमध्ये येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी काकांनीच कागद नेऊन दिला आणि त्यांची सुटका केली. पक्क्या नोकरीचं माझं पत्र त्याच आठवड्यात आलं.

ते गेले त्या दिवशी ऑफिसने समोसे मागवले. काकांनी खण रिकामा केला, बंद माऊस आणि चाव्या सगळं पिशवीत घातलं, सगळ्यांना नमस्कार केला. मी एक शब्द बोलले नाही. सगळ्यांना वाटलं, पोरीला गहिवरून आलंय. तसं नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटत होतं. लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं. त्या ओळीपाशी काकांनी थोडीशी जरी टाळाटाळ केली असती, तरी आज समोसे माझ्या निरोपाचे असते, एवढंच डोक्यात होतं. घरी गेल्यावर आईने विचारलं, "त्यांना काय दिलंस गो?" तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दिवाळीनंतर मी त्यांच्या गावी गेले. लांज्याहून आत, एसटीने तासभर, मग चढण. बौद्धवाडीत विचारलं तर एक म्हातारी म्हणाली, "कंप्युटरवाला ना? त्यो काय, भात झोडतोय." काका खळ्यात होते, अंगावर बनियन, डोक्याला टॉवेल. मला बघून म्हणाले, "काय गो बाय, काय बंद पडलं?"

काही बंद पडलं नव्हतं. पडवीत बसलो. चहा आला. मी जे बोलायचं ठरवून गेले होते ते बाजूलाच राहिलं आणि तोंडातून भलतंच निघालं, "तुम्ही गेलात तेव्हा मला बरं वाटलं होतं, काका."

ते रागावले नाहीत. कपातला चहा बशीत ओतला. "वाटणारच," ते म्हणाले. "मला पण वाटलं होतं एकदा."

मग त्यांनी सांगितलं. मुंबईत असताना असाच एक भाग सापडत नव्हता, असाच आरडाओरडा चालला होता आणि काकांनी बटण दाबलं होतं. चालू झालं. लॉग गेला. बदल केला होता दोघांनी, यांनी आणि शेजारी बसणाऱ्या दळवी नावाच्या मुलाने. कोणाचा भाग आडवा आला होता, ते सांगायला काही उरलंच नव्हतं. वरच्यांनी दळवीला काढलं, कारण तो नवीन होता. "मला दोन दिवसांनी घरी बसल्यावर कळलं, माझंच व्हतं ते. तोवर त्याची खुर्ची पण हलवली त्यांनी. मी काय बोललो नाय. बरं वाटत होतं ना मला." त्यानंतर पुढची सगळी वर्षं त्यांनी तिथेच काढली, आणि मग एक दिवस त्यांना ते जमेना म्हणून परत आले.

चहा निवून गेला होता.

"नोकरी सुटली ना, मंग वेळ होता हाताशी," काका म्हणाले. "मे महिन्यात शोधून काढलं त्याला. जुन्या कंपनीतल्या एकाला विचारलं, त्यानं दुसऱ्याला विचारलंन. बदलापूरला ऱ्हातो. गेलो. दुपारची वेळ होती, जेवायलाच बसत होता. दारातच सांगून टाकलं सगळं, आत बसल्यावर सांगवलं नसतं."

"मग? काय म्हणाला?"

काकांनी टॉवेल डोक्यावरून काढला आणि उगाचच त्याची घडी घालत बसले.

"मंग बायकोला हाक मारलीन, आणखी एक ताट घे बोलला."

"जेवलात?"

"जेवलो गो," काका म्हणाले. "काय वाढलं होतं ते मात्र आठवत नाय."